लेप्रकॉनची गोष्ट मुलांपुढे कशी सांगावी?

वाचनकट्टा_दादर
१७ मार्चला वाचनालयात ८ ते १० वर्षांच्या ३० मुलांना लेप्रकॉनची, म्हणजे आयरिश लोककथांतल्या बूट शिवणाऱ्या खोडकर बुटक्याची, गोष्ट सांगायची आहे. वेळ २० मिनिटं. नेटवर हिरवा कोट, इंद्रधनुष्य आणि सोन्याचा हंडा यापलीकडे काही मिळत नाही, गोष्ट अशी नाहीच. कुठली घ्यावी? की सरळ कोकणातला देवचार करून टाकू?

बोरूबहाद्दर
तांबड्या पट्टीची घ्या. आयर्लंडची गोष्ट, १९व्या शतकापासून छापली जातेय. टॉम कुंपणाआड बूट शिवत बसलेल्या लेप्रकॉनला पकडतो. नजर हटली की तो निसटणार, म्हणून डोळे त्याच्यावरच. लेप्रकॉन त्याला पिवळ्या रॅगवर्टच्या शेतात नेऊन एक झुडूप दाखवतो: याच्याखाली सोनं आहे, खण. फावडं घरी! टॉम आपल्या मोज्याची तांबडी पट्टी झुडपाला बांधतो, ती सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावतो आणि त्याला जाऊ देतो. परत येऊन बघतो तर शेतातल्या झाडून सगळ्या झुडपांना तशीच पट्टी.

गोष्ट फसते ती शपथ गाळल्यावर. मग पोरं म्हणतात, "पट्टी काढूनच टाकायची की!" लेप्रकॉनने शब्द पाळला, तरी टॉम फसला, गंमत इथेच आहे. ती उलगडून सांगू नका.

रॅगवर्ट म्हणजे आपल्या सोनकीचं भावंड. सोनकीचा फोटो दाखवलात तरी चालेल.

सतरंजी
लाल सुती नाडीचे ३० सेंमीचे ३१ तुकडे कापा. सॅटिनची फीत नको, गाठ सुटते आणि कडा उसवतात. एक तुकडा गोष्ट चालू असताना एका मुलाच्या मनगटाला बांधा. बाकीचे आधीच प्रत्येकाच्या बसकराखाली ठेवलेले. "टॉम फावडं घेऊन आला" म्हटलं की बसकरं उचलायला लावा. तुकडे पाकिटांत घालून हातात दिलेत तर दोन मिनिटांत उघडतील आणि शेवट गेला.

कोट तांबडा ठेवा. आयरिश कवी यीट्सने १८८८ साली लिहिलंय की लेप्रकॉनसारख्या एकट्या राहणाऱ्या पऱ्यांचे कोट तांबडे, घोळक्याने फिरणाऱ्यांचे हिरवे. हिरवा लेप्रकॉन नंतर रूढ झाला.

पारावरचा
देवचार नकोच. तो राखणदार, त्याला आजही गाऱ्हाणं घालतात, नारळ देतात. त्याला ठकसेन केलंत तर समोरची मालवणी आजी उठून जाईल, आणि बरोबरच आहे. लेप्रकॉन आयरिशच राहू द्या.

गावची गोष्ट हवीच असेल तर मुलांना घरून आणायला सांगा. आयर्लंडात १९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी मुलांनी घरच्या-शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून असंच लिहून आणलं, सुमारे ५,००० शाळांतून. वहीत वर चार रकाने: कोणी सांगितली, वय, गाव, तारीख. खाली गोष्ट, जशी ऐकली तशी. आजी मालवणीत बोलली तर मालवणीतच. बाईंनी प्रमाण मराठी करून घेतलं की निम्मी गोष्ट गळते. गिऱ्हा, चकवा, मुंजा ही भुतं हमखास येतील. रात्री कोणाला झोप लागली नाही तर पालकांचे फोन येतील, त्यांना आधीच कल्पना द्या.