दिवसभर प्रार्थना कशी टिकते? आपापले अनुभव लिहा

जय ख्रिस्त सगळ्यांना. 'निरंतर प्रार्थना करा', थेस्सलनीकरांस पहिलं पत्र 5:17, तीनच शब्द. लहानपणी नगरला संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं वचन. पण पुढे लग्न, पुण्यातली नोकरी, मुलांच्या शाळा, या सगळ्यात माझी प्रार्थना सकाळची दहा मिनिटं आणि जेवणाआधीची दोन वाक्यं एवढ्यावर आली. आजी तशी नव्हती. ती भाकरी थापताना एकेकाचं नाव घ्यायची, ज्याची भाकरी त्याच्यासाठी प्रार्थना, आणि शेवटची भाकरी कोण आयत्या वेळी दारात येईल त्याच्या नावाची. तिची खरी उपासना चुलीपाशीच चालायची असं मला वाटतं. गेल्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांपासून, मी डबे भरताना तेच सुरू केलंय, तीन डबे, तीन नावं, झाकण लावायच्या आधी. आता ऑफिसात अकरा वाजता धाकट्याची काळजी दाटून आली की तेच वाक्य आपोआप ओठावर येतं. तुम्ही कसं करता ते लिहा, जमलेलं आणि न जमलेलं, दोन्ही.

वसईहून लिहितेय. बाबा केळीच्या वाडीत असले तरी दुपारी बाराची चर्चची घंटा ऐकली की फावडं खाली ठेवायचे, डोक्याचं फडकं काढायचे आणि उभ्याउभ्या देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणायचे, चिखलाचे हात जोडून. मी अंधेरीला कामाला, तिथे कुठली घंटा? म्हणून मी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, लोकलवर बसवली. वसई रोडला चढलं की नायगाव, भाईंदर, मीरा रोड, दहिसर, बोरिवली, पाच स्टेशनं आणि पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातले पाच प्रसंग, प्रत्येकाला दहा नमो मरिया. माळ धरायला हात मोकळा नसतो, बोटात दहा मण्यांची अंगठी आहे, ती अंगठ्याने फिरवते. नायगाव ते भाईंदर खाडीचा पूल लागतो, तिथे दहा नमो मरिया संपल्या तरी स्टेशन येत नाही, मग तेवढा वेळ नुसती पाण्याकडे बघत गप्प राहते आणि खरं सांगते, दिवसातली सगळ्यात मनापासूनची प्रार्थना तीच असते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये प्रकाशाची रहस्यं घातली, गुरुवारी म्हणतात ती, ती मला येत नव्हती, सगळी गाडीतच पाठ झाली.

मी आयसीयूत स्टाफ नर्स. एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जाताना हात सॅनिटाइझ करायचे, वीस-तीस सेकंद चोळायचं, रात्रभरात किती वेळा ते मोजलं नाही कधी. आधी तेवढ्यात डोक्यात पुढच्या पेशंटची औषधं चालायची. आता मागच्या पेशंटला प्रभूच्या हाती सोपवते आणि मग पुढे जाते. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, आणि मनात 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. मोठ्याने कधीच नाही, पेशंट कुठल्याही घरचा असो, त्याच्या उशाशी मी माझा धर्म बोलू नये असं माझं ठाम मत आहे. एका रात्री पाठोपाठ दोघं गेले. त्यानंतर दोन महिने हात चोळत होते पण आतून एक शब्द उमटत नव्हता. आमच्या पाळकांना सांगितलं तर ते म्हणाले, शब्द नसले तरी सवय मोडू नकोस, आणि रोमकरांस 8:26 काढून दिलं, आपल्याला कसं मागावं ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो. त्या वचनावर ते दोन महिने काढले मी.

एक शंका आहे. मत्तय 6:7 मध्ये प्रभूने व्यर्थ बडबड करू नका असं सांगितलंय, मग तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा कशाला?

त्या शंकेबद्दल. बडबड म्हणजे जास्त बोललं तर देव ऐकेल असं समजून बोलणं, प्रभू तेच पुढे सांगतो. पण लूक 18 मधल्या जकातदाराचं एकच वाक्य, माझ्यावर, पाप्यावर दया कर, आणि तोच नीतिमान ठरून घरी गेला. ऑर्थोडॉक्स पंथाचे ख्रिस्ती तेच वाक्य येशूच्या नावाला जोडून श्वासागणिक म्हणतात. इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंकडून जॉन कॅसियन हा जुन्या काळचा ख्रिस्ती साधू शिकून आला तेही स्तोत्र 70 चं पहिलंच वचन, देवा, माझ्या मदतीला ये, उठता बसता म्हणायचं. आणि आपल्या मराठी माणसाला नामस्मरण का अवघड जावं? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्त अभंगांतूनच गायला ना.

मी शाळेत शिकवतो. हजेरी घेताना प्रत्येक नावानंतर अर्धा सेकंद थांबतो, बस. 52 मुलं आहेत.

नहेम्या 2:4 वाचा. राजाने विचारलं तुला काय हवंय, नहेम्याने आधी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि मग तोंड उघडलं, म्हणजे किती क्षण मिळाले असतील त्याला! मी कस्टमर केअरला आहे, चिडलेला कॉल आला की उत्तर द्यायच्या आधी मीही तेवढंच करते.

माझा अनुभव सासूबाईंचा आहे. चार वर्षं झाली स्मृतिभ्रंशाला, मला त्या 'ताई' म्हणतात, आपल्या मुलाला ओळखत नाहीत. भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटतात. एक दिवस मी अगदी टेकीला आले आणि वाटी हातात धरून स्वतःसाठीच पुटपुटले, हे आमच्या स्वर्गातील पित्या, तर त्यांनी पुढचं उचललं, तुझे नाव पवित्र मानले जावो, आणि थेट आमेनपर्यंत एकही शब्द चुकला नाही. आयुष्यभर दळताना, निवडताना, कपडे वाळत घालताना म्हटलेलं होतं ते. आता रोज दुपारी तसंच करतो. प्रत्येक ओळीला त्या तोंड उघडतात आणि मी एक घास देते. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' आलं की जरा थांबतात आणि माझ्याकडे बघतात. खिमट असतं, मुगाचं.