सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर : कोटेशनवरून ग्रुपवर चर्चा

ए-४०३: सेक्रेटरी साहेब, कोटेशन आत्ता बघितलं. "आय७, १६ जीबी, ब्रँड न्यू." आय७ हा इंटेलच्या प्रोसेसरचा प्रकार, पण त्यातला कुठला? पुढचा नंबर कुठंय? सही करायच्या आधी ग्रुपवर टाकायला काय झालं होतं?

सेक्रेटरी: नमस्कार. तीन कोटेशन मागवली होती. सर्वांत कमी हेच. 🙏

सी-७०२: खालच्या ओळीत मदरबोर्ड "एच६१" लिहिलाय. त्यावर इंटेलचे जुनेच प्रोसेसर बसतात, म्हणजे आय७-२६०० नाहीतर ३७७०. ३७७० आला २०१२ साली. बोर्ड नवीन असेल, प्रोसेसर मात्र जुन्या मशीनमधून काढलेला. रॅमही डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची. ब्रँड न्यू असलंच तर कॅबिनेट.

खजिनदार: एजीएमच्या ठरावात "आय७" असं स्पष्ट लिहिलंय.

सी-७०२: काका, आय३-आय५-आय७ ही एकाच पिढीतली चढती भाजणी. पिढी कळते पुढच्या आकड्यावरून. ३७७० तिसरी, १२१०० बारावी. आय३-१२१०० मध्येही ३७७० सारखेच ४ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), पण प्रत्येक कोअर कितीतरी वेगवान. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, थोडे अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि पुढचेच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

बी-१०४: मेंटेनन्सच्या पावत्या काढायला एवढं लागतं का? 😄

सी-७०२: पावत्यांना नाही, याच मशीनवर बघायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना लागतं. रेकॉर्डिंग एच.२६५ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये आहे. ३७७० च्या ग्राफिक्सला, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या भागाला, ते हार्डवेअरवर उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. सगळे कॅमेरे एकदम उघडले की चित्र अडकणार.

बी-१०४: कॅमेऱ्याचं निघालंच आहे तर, मागच्या गेटचा कधी चालू होणार?

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला.

खजिनदार: एजीएमच्या ठरावात "आय७" असं स्पष्ट लिहिलंय.

ए-४०३: वाचलं हो. मग आय३-१२१००एफ घेऊ, तो आणखी स्वस्त पडतो.

सी-७०२: नको! "एफ" म्हणजे आत ग्राफिक्सच नाही. बोर्डावरच्या एचडीएमआयला मॉनिटर लावला तर "नो सिग्नल". वेगळं कार्ड घ्यावं लागेल, वाचलेले पैसे त्यात जातील. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरमध्येही तेच, रायझन ५ ५६०० ला चित्र नाही, ५६००जी ला आहे.

डी-२०१: दादा, मुलीच्या लॅपटॉपचंही सांगा ना. रायझन ५ ७५२०यू आणि ७५३०यू, दुकानदार म्हणतो दहाचाच फरक.

सी-७०२: ताई, त्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा. तो आतली रचना सांगतो, जेवढा मोठा तेवढी नवी: २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. पहिला ७ फक्त २०२३ ची मालिका सांगतो. ७५२०यू मध्ये ४ कोअर, ७५३०यू मध्ये ६. आणि ७५२०यू ची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, ८ जीबी घेतली तर कायमची ८. ७५३०यू घ्या, पण रॅमचा स्लॉट आहे ना ते विचारून.

बी-५०३: इंटेलने तर आता "आय"च काढून टाकलाय. कोअर ५ १२०यू नाव नवं, आत तेराव्या पिढीचाच माल.

खजिनदार: ठरावात "आय७"...

बी-१०४: मग आय७-१२७०० घ्या काका, ठरावही राहील आणि कॉर्पस फंडही संपेल.

खजिनदार: ज्यांची दोन तिमाहींची थकबाकी आहे त्यांनी फंडाची काळजी करू नये.

बी-१०४: नाव घेऊन बोला!

सेक्रेटरी: पुरे. सी-७०२ सर, दुकानदाराला नक्की काय लिहू?

सी-७०२: "इंटेल कोअर आय३-१२१००, एफ नको, सीलबंद बॉक्स, सोबतचा पंखा. एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी. जीएसटी बिलावर प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर." बॉक्सवर इंटेलची ३ वर्षांची वॉरंटी असते. माल आला की चेक देण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू उघडा. उजवीकडे वर पूर्ण नाव येतं, ते बिलाशी ताडून बघा.

सेक्रेटरी: पाठवलं. ठरावाची दुरुस्ती रविवारच्या कमिटी मीटिंगमध्ये घेऊ.

खजिनदार: एजीएमचा ठराव कमिटीला बदलता येत नाही.