हॉलमधला कॉम्प्युटर, पाच माणसं आणि एक पासवर्ड

खिडकीपाशी (धागाकर्ता)

आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक कॉम्प्युटर आहे. वापरणारे पाच: मुलगा नववीत, मुलगी चौथीत, माझे वडील (सगळ्या सोसायटीचे नाना), बायको आणि मी. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतला तेव्हापासून सगळ्यांचं खातं एकच. पासवर्ड नाही. बटण दाबलं की सरळ आत.

गेल्या महिन्यात जेवताना मुलीनं एका शब्दाचा अर्थ विचारला. नानांसमोर. शब्द इथे लिहीत नाही. कुठून कळला म्हटलं तर म्हणाली, "यूट्यूबवर बाजूला येतं ना, तिथे होतं." म्हणजे तिनं काही शोधलं नव्हतं. दादा काय बघतो, नाना काय बघतात, रात्री अकरानंतर मी काय बघतो, त्या सगळ्याची खिचडी तिच्या पानात वाढली जात होती.

मग एका रविवारी बसलो आणि पाच खाती वेगळी केली. मुलांना ईमेल काढून दिले, विंडोजच्या फॅमिली ग्रुपमध्ये घातलं. मुलीला रोज एक तास आणि आम्ही निवडलेल्याच साइट. मुलाला दोन तास, रात्री दहाला बंद, वेब फिल्टर, आणि तो काय काय उघडतो त्याचा आठवड्याचा अहवाल माझ्या ईमेलवर. दोघांना समोर बसवून हे सांगितलं, चोरून काही केलं नाही.

मुलगी म्हणाली, बरं. मुलगा चार दिवस बोललेला नाही. बायकोचं म्हणणं, "अर्धं बरोबर केलंस." कुठलं अर्धं ते सांगत नाही.

माझं मत असं की सामायिक कॉम्प्युटरला कुलूप लावायलाच हवं, फक्त ते सांगून लावावं. तुम्हाला काय वाटतं?

कडूकारले

असहमत. खाती वेगळी केलीत तिथेच तुमचा प्रश्न सुटला होता. त्यापुढचं सगळं तुमच्या धास्तीपोटी.

फिल्टरनं मुलं वाचतात हे गृहीतच तपासून बघा. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि व्हिक्टोरिया नॅश यांनी २०१८ मध्ये युरोपातल्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा हिशोब असा की एका मुलाला लैंगिक मजकुरापासून दूर ठेवायचं तर १७ ते ७७ घरांत फिल्टर बसवावा लागेल. म्हणजे उरलेल्या घरांत कुलूप नुसतं शोभेला.

अहवालाबद्दल तर बोलूच नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला कंपन्यांना मनाई करतो. जे कंपनीनं केलं तर आपण बोंब मारू, ते बापानं केलं की माया?

आंबटगोड

कायदा कंपन्यांसाठी आहे हो. त्याच कायद्यात मुलाचा डेटा घ्यायचा तर आईबापाची संमती घ्या असंही लिहिलंय. सोयीचा अर्धा भाग तेवढा उचललात.

आणि तो अभ्यास किशोरवयीन मुलांवरचा, तुम्हीच लिहिलंय. पंधराव्या वर्षी पोरगं शोधायला जातं. नवव्या वर्षी ते अंगावर येऊन आदळतं. इथे आदळलंय चौथीतल्या मुलीवर. दोघांना एका तागडीत कशाला घालता?

माझ्याकडे जुळी आहेत, दहा वर्षांची. आम्ही दोघं नोकरीवाले, घरी पोचायला साडेसात. शाळा सुटल्यापासून तोवर सासूबाई असतात, पण त्यांचं लक्ष मालिकेत. हॉलमध्ये कॉम्प्युटर ठेवला की झालं असं म्हणणारे बहुतेक संध्याकाळी पाचला घरी असतात.

सोल्डरगन

भांडण सावकाश करा, आधी भोकं बुजवा. दुसऱ्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरतो, म्हणून सांगतो.

मर्यादा खात्याला लागते, यंत्राला नाही. नानांच्या खात्याला पासवर्ड आहे का? नसेल तर मुलाचे दोन तास संपले की तो नाना होऊन बसणार. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ घरांत आजीआजोबांचं खातं हाच मागचा दरवाजा असतो. (दहातल्या आठ हा आपला अंदाज, लगेच पुरावा मागू नका.)

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर (सगळे अधिकार असलेलं) फक्त तुमचं किंवा वहिनींचं खातं. मुलांचं आणि नानांचं स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचं. घाईत बऱ्याच घरी सगळीच खाती अ‍ॅडमिन होऊन बसतात. मग पोरगं स्वतःच नवं खातं काढतं आणि तुमचा रविवार फुकट जातो.

तुम्ही लावलेला वेब फिल्टर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरपुरताच चालतो. म्हणून तो चालू असला की मुलांच्या खात्यात दुसरे ब्राउझर उघडत नाहीत. ते बिघडलेलं नसतं, तशीच रचना आहे. मुलगा "क्रोम चालत नाही, प्रोजेक्ट अडलंय" म्हणाला तर खोटं बोलत नाहीये.

फोन, टॅब, पाहुण्यांचे मोबाइल सगळ्यांनाच चाळण लावायची असेल तर ती राउटरमध्ये लावा. क्लाउडफ्लेअरचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे डीएनएस पत्ते (साइटचं नाव दिलं की तिचा ठिकाणा सांगणाऱ्या सेवेचे) टाकले की प्रौढ साइट नि व्हायरसवाल्या साइट वाय-फायवरच अडतात. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम. पण यूट्यूबच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही आणि वेळेचं गणितही कळत नाही. शिवाय ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' चालू असेल तर ते राउटरला वळसा घालून जातं, तेवढं बघून घ्या.

मुलीच्या खात्यात यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड (प्रौढ व्हिडिओ गाळणारी सोय) लावा. त्यात कॉमेंटही दिसत नाहीत. मला विचाराल तर व्हिडिओपेक्षा कॉमेंटच जास्त घाण असतात.

पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) चालू केलं की विंडोजमधली सगळी कुलपं निरुपयोगी. त्यासाठी बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगला) पासवर्ड ठेवतात. नववीतल्या मुलाला हे जमलंच तर खरं म्हणजे पेढे वाटा.

मोबाइल हॉटस्पॉटला औषध नाही.

आणि एक, विषयाबाहेरचं. मशीन लॉकडाऊनमधलं म्हणजे बहुधा विंडोज १०. त्याचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेच्या गप्पा मारतोच आहोत तर आधी ते बघा.

कडूकारले

"मोबाइल हॉटस्पॉटला औषध नाही." एवढं वाचून थांबलो. माझी बाजू तुम्हीच मांडलीत, आभार.

तुमचे ते १.१.१.३ सुरू झाले १ एप्रिल २०२० ला. पहिल्याच दिवशी त्यांनी समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींच्या माहितीच्या, आधाराच्या साइटही अडवल्या. कंपनीनं चूक मान्य करून दुरुस्त केली, ठीक. पण त्या दिवशी एखाद्या घरात सोळा वर्षांचं, कुणाशी बोलायची सोय नसलेलं पोर तीच साइट उघडायला बसलं असेल तर?

मीही एकदा फिल्टर लावला होता, कुठला ते सोडा. मुलगी दहावीत. विज्ञान भाग २ मध्ये प्रजनन आहे. शाळेत बाईंनी ते "घरी वाचा" म्हणून उडवलं. घरी फिल्टरनं उडवलं. मग राहिलं कोण? वर्गातल्या मैत्रिणीचा मोठा भाऊ. त्या रात्री फिल्टर काढला आणि बायकोनं नि मी मिळून तो धडा शिकवला. माझे कान लाल झाले होते, मुलगी मजेत होती.

सोल्डरगन

हॉटस्पॉटला औषध नाही म्हणून दाराला कडीच लावायची नाही? घरफोडी करणारा खिडकीतून येतो, तरी आपण दार ओढून घेतोच की.

दहावीच्या मुलीला चौथीचा फिल्टर लावला होतात, त्यात फिल्टरचा दोष किती? प्रत्येक खात्याला वय टाकायची सोय असते ती एवढ्याचसाठी.

बारावीनंतर

वय वर्षे १९. ज्याच्यावर हे प्रयोग झाले तो मी.

बाबांनी मी आठवीत असताना सगळं लावलं होतं. न सांगता. मला कळायला दोन दिवस लागले, उघडायला एक दुपार. आजोबांच्या फोनचा हॉटस्पॉट, आईचा पासवर्ड (माझंच नाव आणि १२३). पुढची दोन वर्षं बाबांना वाटत होतं सगळं आलबेल आहे, आणि मी आजोबांचा डेटा पॅक संपवत होतो. आजोबा मोबाइल कंपनीला शिव्या घालायचे. अजूनही घालतात.

पण खरा तोटा सांगतो. नववीत असताना एका गेममध्ये ओळख झालेला माणूस माझे फोटो मागायला लागला. साधे फोटो, मग दुसरे. मी घाबरलो होतो. तरी घरी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तो गेम मी खेळतो कसा हे आधी सांगावं लागलं असतं. तीन आठवडे झोप नाही. शेवटी मावशीला सांगितलं, तिनं १९३० वर (सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन) फोन लावला, खातं ब्लॉक करायला लावलं.

काका, कुलूप ठेवा. पण तुमच्या मुलाला आजच सांगून टाका, की कुलूप तोडून जरी कुठे अडकलास तरी आधी मला हाक मार, कुलुपाचं नंतर बघू. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आंबटगोड

बारावीनंतर, बाळा, हे वाचून पोटात गोळा आला. आज जुळ्यांना हेच सांगते.

माझं मत मात्र तेच आहे. तुझ्या बाबांनी न सांगता लावलं, म्हणून तू दडवलंस. धागाकर्त्यानं सांगून लावलंय.

बारावीनंतर

मावशी, लावलंय ते सांगून, पण विचारून नाही. मुलगा चार दिवस बोलत नाहीये ना?

कडेगावचा पाहुणा

आमच्याकडचं सांगतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, पेपरात वाचलं असेल. ऑगस्ट २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही आणि मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात. लॉकडाऊननं पोरांच्या हातात मोबाइल दिले ते परत निघंनात, म्हणून सरपंच आणि ग्रामसभेनं हे ठरवलं.

तिथं सॉफ्टवेअर नाही, पासवर्ड नाही. पोरानं पुस्तक उघडायचं तर बापानंबी क्रिकेट बंद करायचं आणि आईनं मालिका. इथं चर्चा चाललीय पोरांच्या दोन तासांची. धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिलंय, रात्री अकरानंतर मी काय बघतो. त्याला किती तास लावले?

आंबटगोड

हा हा हा. पाहुणे, बरोब्बर जागी मारलंत.

पण गाव आणि फ्लॅट यात फरक आहे. गावात शेजारी बघतो. आमच्याकडे शेजाऱ्याचं नाव दारावरच्या पाटीवरून कळतं.

निवृत्त तबलजी

मी या गोष्टीतल्या नानांच्या वयाचा. आमची बाजू कुणीच विचारली नाही, म्हणून लिहितो.

मुलानं माझ्याही खात्याला पासवर्ड बसवला. कुणापासून काय जपायचं? मी जुन्या मैफिली ऐकतो, बँकेचं पासबुक बघतो, सकाळचे फुलांचे संदेश पुढे पाठवतो. तीन वेळा पासवर्ड चुकला की सुनेच्या कामावरून येण्याची वाट बघत बसायचं. शेवटी नातू म्हणाला, आबा, मी लक्षात ठेवतो, तुम्ही काळजी करू नका. तेव्हापासून कटकट मिटली. तो संध्याकाळी मला चालू करून देतो, अर्धा तास शेजारी बसतो, मी काय ऐकतोय ते विचारतो. मग मी फिरायला जातो.

वरचं सोल्डरगन यांचं वाचल्यावर आत्ता लक्षात येतंय की मी फिरायला गेल्यावर काय होत असेल. मुलाला सांगणार नाही. तो अर्धा तास जाईल.

कडूकारले

तबलजी, साष्टांग नमस्कार. या धाग्यावरचं सगळ्यात खरं वाक्य तुमचं.

सोल्डरगन

आबा, वाक्य गोड आहे पण त्याच खात्यावर बँकेचं पासबुक उघडता म्हणालात. ब्राउझरनं बँकेचा पासवर्ड साठवून ठेवला नाहीये ना? नातू गुणी असेल. नातवाच्या मित्रांचं काय? अर्धा तास तसाच ठेवा, बँकेपुरतं दुसरं खातं काढा.

खिडकीपाशी (धागाकर्ता)

चार दिवसांनी लिहितोय. सगळं वाचलं, काही दोनदा.

बारावीनंतर यांचा प्रतिसाद छापून मुलाला वाचायला दिला. त्यानं वाचला आणि एवढंच म्हणाला, "आजोबांच्या फोनचं मला सुचलं नव्हतं." म्हणजे बोलायला लागला.

मुलीचं आहे तसंच ठेवलंय, रिस्ट्रिक्टेड मोड वाढवला. कडूकारले, त्यावर मी हलणार नाही. चौथीतल्या मुलीच्या बाबतीत तुमचं मला अजिबात पटलेलं नाही.

मुलाचा आठवड्याचा अहवाल मात्र बंद केला. आलेला एकमेव अहवाल मी उघडला होता. त्यात बुद्धिबळ, क्रिकेटचे स्कोअर आणि 'आवाज कधी फुटतो' एवढा एक शोध होता. तो वाचून मलाच कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्यासारखं झालं. बायकोला म्हटलं, हेच का ते चुकलेलं अर्धं? ती हो म्हणाली. वेळेची मर्यादा राहिली, पण दहाऐवजी साडेदहा, आणि ती त्यानं स्वतः मागितली. बदल्यात साडेदहाला राउटरच बंद होतो. त्यामुळे माझेही अकरानंतरचे उद्योग संपले. पाहुणे, पोचलं.

विंडोज ११ या मशीनवर चढत नाही असं दिसतंय, त्याचा वेगळा धागा काढतो.

नानांच्या खात्याला पिन लावला. काय ठेवायचा म्हटलं तर त्यांनी स्वतःचं जन्मसाल ठेवलं आणि विसरायला नको म्हणून मॉनिटरवर चिकटवलं.