मुंबई-लंडन विमानाला नक्की किती तास लागतात? (मदत हवी आहे)

आंबेमोहोर: जरा लवकर सांगा. आईच्या तिकिटावर दुपारी १:१५ ला सुटून संध्याकाळी ६:३० ला पोहोचणार असं आहे. म्हणजे सव्वापाच तास. गूगल नऊच्या वर दाखवतं. एजंट म्हणतो, तिकिटावर आहे ते बरोबर. मला नक्की तास हवेत.

डोंबिवलीकर: थेट विमान का? महिना कुठला?

गोदाकाठ: थेटच असणार. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. अंतर साधारण ७२०० किमी.

डोंबिवलीकर: महिना उगाच नाही विचारला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे, नंतर साडेपाच.

आंबेमोहोर: २० ऑक्टोबर. थेट.

डोंबिवलीकर: मग ५:१५ अधिक ४:३०, पावणेदहा तास. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं-येणंही धरलेलं असतं.

वऱ्हाडी_पाहुणा: थेट कशाला नेता? दोहाला उतरून गेलो तर पाय मोकळे होतात, तिकीटही स्वस्त पडलं.

गोदाकाठ: एकट्या बाईमाणसाला मध्ये विमान बदलायला लावू नका हो. व्हीलचेअर मात्र आजच नोंदवा, हीथ्रोवर फार चालावं लागतं.

वऱ्हाडी_पाहुणा: माझी आई ७१ व्या वर्षी गेली की एकटी!

नाशिकची_सून: येताना वेळ कमी लागतो. वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, ते येताना पाठीशी असतात. आणि हो, तूप, पेढे, चक्का देऊ नका. दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. मेतकूट, चिवडा चालतो.

डोंबिवलीकर: ताई, त्यांनी खाऊचं विचारलेलं नाही. आंबेमोहोर, मिनिटांचा हिशेब कशासाठी हवाय?

आंबेमोहोर: आई रात्री साडेआठला इन्सुलिन घेते, मग जेवते. सव्वापाच तास धरून मी डबा, सुया सगळं मोठ्या बॅगेत भरलं. पोहोचून घेईल म्हटलं.

नाशिकची_सून: अगं, आधी ते बाहेर काढ! सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं, मग ते निकामी होतं. हातातल्या पिशवीत ठेव, डॉक्टरांची चिठ्ठीही सोबत दे. आपले साडेआठ वाजतील तेव्हा त्या विमानातच असतील, लंडनमध्ये दुपारचे चार. उतरतील तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा. जाताना दिवस लांबतो, येताना आखडतो. किती युनिट, कधी घ्यायचं, हे दोन्ही वेळांसाठी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे.

गोदाकाठ: आणि जेवणाचा ट्रे समोर आल्याशिवाय टोचून घ्यायचं नाही असं त्यांना बजावून सांगा. विमानात जेवण मागेपुढे होतं.

वऱ्हाडी_पाहुणा: हे आधी सांगायचं ना. मग थेटच न्या.

आंबेमोहोर: माझ्या डोक्यातच आलं नाही. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाते. मनगटावरचं घड्याळ आईला आपल्याच वेळेवर ठेवायला सांगितलंय, साडेआठला खालून पेनाने रेघ मारून दिली. इन्सुलिन बाहेर काढलं. तुपाचा डबाही निघाला तळातून.