पाटण तालुक्यातील स्टिल्ट इमारत आणि शेजारचे दगड-मातीचे घर : भूकंपभाराचे विश्लेषण कसे करावे?

प्रश्न : पाटण_स्थापत्य

नमस्कार. एका लहान कार्यालयात मी संरचना संकल्पनाचे काम करतो. सध्या पाटण तालुक्यातील एका इमारतीचे विश्लेषण माझ्याकडे आहे. खाली मोकळे स्टिल्ट पार्किंग आणि वर तीन मजले अशी रचना असून एकूण उंची १२ मीटर आणि आराखडा १२ मीटर बाय ९ मीटर आहे. माती अहवालाप्रमाणे मध्यम प्रकारची आहे आणि क्षेत्र भूकंपधोक्याच्या झोन ४ मध्ये येते. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मी केवळ कॉलम-बीमची फ्रेम उभी केली आणि विटांच्या भिंतींचे फक्त वजन बीमवर टाकले. भेगाळलेल्या छेदांसाठी कॉलमची ७० टक्के आणि बीमची ३५ टक्के जडता (वाकण्याला होणारा विरोध) धरल्यावर पहिला आवर्तकाल (एकदा पूर्ण डोलण्याचा वेळ) ०.९५ सेकंद आला, तर आय.एस. १८९३ या भूकंपभाराच्या भारतीय मानकातील सूत्राने तो ०.४८ सेकंद येतो. त्यामुळे प्रतिसाद वर्णपटाने (आवर्तकालानुसार धक्क्याचा जोर दाखवणाऱ्या आलेखाने) मिळणारा बेस शिअर (पायाशी येणारे एकूण आडवे बल) सूत्राने मिळणाऱ्या बेस शिअरच्या साधारण ५७ टक्केच भरतो. यांपैकी कोणता आकडा खरा मानावा? मालकांचा आग्रह असा की कॉलम खोल्यांत दिसू नयेत, म्हणून ते २३० बाय ४५० मि.मी. ठेवावेत.

दुसरा प्रश्न त्याच मालकांच्या शेजारच्या जुन्या घराचा आहे. ते एकमजली असून त्याच्या ४५० मि.मी. जाडीच्या दगडी भिंती मातीत बांधलेल्या आहेत आणि छप्पर कौलारू आहे. कौले काढून स्लॅब टाकावा व पुढे त्यावर एक मजला चढवावा, असा त्यांचा विचार आहे. या भिंती मी सॉफ्टवेअरमध्ये प्लेट घटक म्हणून घातल्या तर ताण मर्यादेत दिसतात, परंतु त्या निष्कर्षावर विश्वास ठेवावा असे मला वाटत नाही. नवी इमारत आणि हे घर यांच्यात दोन इंचांची फट आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : रचनाकार_पुणे

आपल्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की मानकाप्रमाणे सूत्राचा बेस शिअरच किमान मानावा लागतो. वर्णपटाच्या पद्धतीने तो कमी आला, तर सर्व बले त्या प्रमाणात वाढवून घ्यायची असतात, म्हणजे आपल्या बाबतीत साधारण पावणेदोन पटीने. आवर्तकालाच्या वादात येथे फार वेळ घालवण्याचेही कारण नाही. भिंती नसलेल्या फ्रेमच्या सूत्राने ०.४८ सेकंद येतो, भिंती असलेल्या इमारतीच्या सूत्राने लांब बाजूला ०.३१ आणि आखूड बाजूला ०.३६ येतो. मध्यम मातीसाठी वर्णपटाचा सपाट भाग ०.५५ सेकंदापर्यंत असल्यामुळे या तिन्ही आकड्यांना वर्णपटाचा गुणांक २.५ च मिळतो आणि बल तेवढेच राहते.

अधिक विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. झोन ४ चा गुणांक ०.२४ (संकल्पनासाठी तो निम्मा घेतात), महत्त्व गुणांक १ आणि तन्य फ्रेमसाठी प्रतिसाद घट गुणांक (ज्याने बल भागायचे तो आकडा) ५ धरला, तर संकल्पनाचे आडवे बल इमारतीच्या वजनाच्या ६ टक्के येते. आपल्या इमारतीचे भूकंपीय वजन ५,००० किलोन्यूटनच्या आसपास असावे, म्हणजे हे बल सुमारे ३०० किलोन्यूटन झाले. मात्र त्याच मानकाने गृहीत धरलेला सर्वांत मोठा धक्का आला आणि इमारत लवचिक अवस्थेतच राहिली, तर तिच्यावर वजनाच्या ६० टक्के बल येईल. म्हणजे आपण एक दशांश बलासाठी संकल्पन करतो आणि उरलेला भार इमारतीच्या तन्यतेवर, अर्थात न कोसळता वाकत राहण्याच्या क्षमतेवर सोपवतो. हे वाकणे सर्व मजल्यांच्या बीमच्या टोकांत वाटले जाईल, या गृहीतकावरच तो ५ हा आकडा उभा आहे.

स्टिल्ट असलेल्या इमारतीत नेमके हेच घडत नाही. ३ मीटर बाय २.४ मीटरच्या चौकटीत बसवलेली २३० मि.मी. जाडीची विटांची भिंत घ्या. मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतील सूत्राने तिच्याऐवजी साधारण ४८० मि.मी. रुंदीचा तिरका दांडा धरता येतो. विटकामाची दाबशक्ती ३ मेगापास्कल आणि काँक्रीट एम २५ प्रतीचे धरून हिशोब केला, तर या एका भिंतीचा आडवा ताठरपणा आपल्या २३० बाय ४५० च्या दोन कॉलमांच्या ताठरपणाइतका भरतो, आणि तोही कॉलम आपल्या मजबूत दिशेने वाकत असताना. दुर्बल दिशेला त्याच कॉलमचा ताठरपणा जवळजवळ एक चतुर्थांश उरतो. वरच्या तीन मजल्यांत अशा अनेक भिंती आणि खाली एकही नाही. अशा वेळी वरचे तीन मजले एका खोक्याप्रमाणे अखंड सरकतात आणि सगळे विस्थापन तळमजल्याच्या कॉलमांच्या दोन टोकांना सोसावे लागते. आपल्या मॉडेलमध्ये ते चारही मजल्यांत सारखे वाटलेले दिसत असेल, कारण त्यात भिंतींना वजन आहे पण ताठरपणा नाही.

२००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादमध्ये हेच पाहावयास मिळाले. केंद्र दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असूनही तेथे स्टिल्टवरच्या अनेक इमारती पडल्या आणि शेकडो माणसे दगावली. त्यानंतर २००२ च्या आवृत्तीने मोकळ्या मजल्याचे कॉलम व बीम अडीच पट बलासाठी संकल्पित करण्याची मुभा दिली होती. २०१६ च्या आवृत्तीचा रोख मात्र मोकळ्या मजल्यात काँक्रीटच्या भिंती किंवा तिरके आधार देण्याकडे आहे, आणि माझ्या मते तोच मार्ग योग्य आहे, कारण केवळ सळई वाढवल्याने कॉलम मजबूत होतो पण मजल्यांच्या ताठरपणातील तफावत तशीच राहते. खालच्या मजल्याचा ताठरपणा वरच्या मजल्याच्या ८० टक्क्यांहून कमी राहणार नाही, हे तपासताना वरच्या भिंती तिरक्या दांड्यांच्या रूपात मॉडेलमध्ये असल्याच पाहिजेत, अन्यथा ती तपासणी निरर्थक ठरते. गाड्यांच्या वाटेत न येणाऱ्या चार जागा आराखड्यात बहुधा सापडतात. जिन्याच्या दोन बाजू आणि मागच्या हद्दीकडची दोन टोके प्रथम पाहावीत, मात्र एकाच कोपऱ्यात सगळ्या भिंती घालून इमारतीला पीळ पडणार नाही, याची काळजी घ्यावी.

राहिला प्रश्न नऊ इंची कॉलमांचा. तन्य बांधणीच्या आय.एस. १३९२० या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे कॉलमची लहान बाजू ३०० मि.मी. किंवा बीमच्या सर्वांत जाड सळईच्या व्यासाच्या २० पट, यांपैकी जे मोठे असेल त्याहून कमी चालत नाही. बीममध्ये १६ मि.मी. सळई घातली तर ती मर्यादा ३२० मि.मी. वर जाते. मालकांना कॉलम कपाटाच्या मागे लपवून द्या, परंतु घट गुणांक ५ घेऊन २३० चा कॉलम ठेवणे म्हणजे तन्यतेची सवलत घ्यायची आणि तिची किंमत द्यायची नाही, असे होईल.

उत्तर २ : निवृत्त_उपअभियंता

वरील उत्तराशी सहमत आहे. मी दगडी घराबद्दल लिहितो, कारण १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर काही वर्षे मी लातूर-उस्मानाबाद भागात पुनर्वसनाच्या कामावर होतो.

प्लेट घटकावर आपला विश्वास बसत नाही, हे योग्यच आहे. प्लेट ही अखंड, एकजीव वस्तू मानली जाते, तर मातीत बांधलेली दगडी भिंत ही बहुधा दोन स्वतंत्र भिंती असतात. बाहेरची घडीव दगडांची, आतली ओबडधोबड आणि मधल्या पोकळीत चिपा व माती भरलेली. किल्लारीच्या परिसरात पडझड पाहताना एकच दृश्य वारंवार दिसे : भिंतीचा बाहेरचा पदर पूर्ण उंचीने रस्त्यात सोललेला आणि आतला पदर, त्यातील कोनाडा आणि खुंट्यांसकट, अजून उभा. अशा भिंतीत ताणशक्ती जवळजवळ शून्य असल्याने ताणांचे रंगीत नकाशे पाहून काहीच हाती लागत नाही. विश्लेषण करायचेच असेल, तर ते स्थिरतेचे करावे, आणि त्याला कागद-पेन्सिल पुरते.

वरून न बांधलेली ३ मीटर उंच आणि ४५० मि.मी. जाड भिंत ताठ ठोकळा मानली, तर तिच्या जाडीला उंचीने भागून ०.१५ मिळतात. जमिनीचा आडवा त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.१५ पट झाला की ती पायथ्याच्या कडेवर डुलू लागते. डुलणे म्हणजे लगेच पडणे नव्हे, पण सुरुवात तेथून होते. आता तिचे दोन पदर सुटे झाले असे धरा. प्रत्येकाची जाडी २२५ मि.मी. उरते आणि मर्यादा ०.०७५ वर येते. झोन ४ मध्ये संकल्पनाच्या भूकंपासाठी जमिनीचा त्वरण ०.१२ धरतात. म्हणजे भिंत एकसंध असेल तर ती मर्यादेच्या आत राहते आणि पदर सुटले तर मर्यादा ओलांडते. या घराचा सगळा निकाल त्या दोन पदरांना जोडणाऱ्या आरपार दगडांवर ठरतो. कमी शक्तीच्या दगड-विटकामाच्या आय.एस. १३८२८ या मानकाप्रमाणे असे दगड उंचीत दर ६०० मि.मी. ला आणि आडव्या दिशेत जास्तीत जास्त १.२ मीटर अंतराने हवेत. मी पाहिलेल्या जुन्या घरांत ते क्वचितच होते.

दुसरी बाब छपराच्या वजनाची. किल्लारीकडे माळवदाची घरे होती. लाकडी फळ्यांवर दीड-दोन फूट माती म्हणजे चौरस मीटरला सुमारे ८५० किलो वजन, आणि तेही भिंतीच्या माथ्यावर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, लोक विसर्जन आटोपून गाढ झोपले असताना भिंती सुटल्या आणि ही माती अंगावर आली. भूकंपाचे परिमाण ६.२ च्या आसपास होते, जे जगाच्या हिशोबात मध्यम समजले जाते, आणि तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. जेथे माळवदाचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांच्या खणांवर होता, तेथे भिंती ढासळूनही छप्पर बऱ्याच ठिकाणी उभे राहिले. हा फरक मला कोणत्याही सॉफ्टवेअरने दाखवलेला नाही.

आपल्या घराची कौले माळवदाच्या मानाने फार हलकी आहेत. ती काढून १२५ मि.मी. चा स्लॅब टाकला, तर चौरस मीटरला ३०० किलोहून अधिक वजन आपण माथ्यावर नव्याने चढवू. स्लॅबमुळे भिंती बांधल्या जातात हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकला आहे. मातीच्या थरावर नुसता टेकलेला स्लॅब काहीच बांधत नाही. तो भिंतींच्या डोक्यावर सरकतो आणि वरचे थर ढकलून देतो. वरचा मजला तर मी या भिंतींवर कोणत्याही परिस्थितीत चढवू देणार नाही.

उत्तर ३ : साईट_इन्चार्ज

विश्लेषणात मी भर घालण्यासारखे फारसे नाही, पण दोन गोष्टी नकाशावर ठळक लिहाव्यात. पहिली कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची. तन्यता कागदावर कितीही धरली, तरी फिटर सवयीने ९० अंशांतच रिंग वाकवतो. हूक १३५ अंशांत आत वळलेला आणि त्याचे टोक किमान ६५ मि.मी. असले पाहिजे. कॉलमच्या टोकांना रिंगांचे अंतर १०० मि.मी. हून अधिक नको, आणि लॅप (उभ्या सळयांचा जोड) मजल्याच्या मधल्या अर्ध्या उंचीत हवा, स्लॅबच्या लगेच वर नको. दुसरी गोष्ट जिन्याची. मधल्या विसाव्याचा बीम कॉलमला जेथे मिळतो, तेथे कॉलमची उंची निम्मी होते आणि ताठरपणा आठ पट वाढतो. तो कॉलम इतरांच्या वाट्याचे बल स्वतःकडे ओढून कातरबलात फुटतो. जिना मॉडेलमधून वगळण्याची पद्धत रूढ आहे, म्हणून हे लिहिले.

पाटण_स्थापत्य :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिरके दांडे घालून मॉडेल पुन्हा चालवले, तेव्हा एकूण विस्थापनाचा बहुतांश भाग खरोखरच तळमजल्यात एकवटलेला दिसला. जिन्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती देण्यास मालक तयार आहेत, कॉलमांबद्दल बोलणे चालू आहे. दगडी घर मात्र पाडायचे नाही, कारण वयस्कर आई त्याच घरात राहतात. मजला न चढवता ते सुरक्षित करता येईल का? आणि दोन इंचांची फट पुरेशी आहे का?

निवृत्त_उपअभियंता :

करता येईल, आणि खर्चही आवाक्यातला असतो. साधारण एक-सव्वा मीटर अंतराने भिंतीतून दगड हळूहळू, पहार न ठोकता, सोडवून आरपार भोक घ्यावे आणि दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून ते काँक्रीटने भरावे. म्हणजे नसलेल्या आरपार दगडांची जागा भरून निघते. दारे-खिडक्यांवरच्या लिंटेलच्या पातळीवर भिंतीच्या दोन्ही अंगांना वेल्डेड जाळीचा सिमेंटचा पट्टा सलग फिरवून तो आरपार सळयांनी एकमेकांना जोडावा. कोपऱ्यात पट्टा तुटता कामा नये. कौले तशीच ठेवावीत, मात्र वासे आणि तुळया भिंतीच्या माथ्याला पट्ट्यांनी जखडाव्यात आणि छपराखालच्या त्रिकोणी भिंतीचा दगडी भाग उतरवून तेथे पत्रा किंवा फळ्या लावाव्यात.

रचनाकार_पुणे :

फट पुरेशी नाही. ३ मीटरच्या मजल्याला मानकाने परवानगी दिलेले विस्थापन १२ मि.मी. आहे, पण ते घटवलेल्या बलाखालचे. प्रत्यक्षात ते घट गुणांकाने गुणावे लागते, म्हणजे स्टिल्टच्या माथ्याशी ६० मि.मी. पर्यंत. नेमक्या त्याच उंचीवर जुन्या घराची भिंत संपते आणि तिचे स्वतःचे हलणे यात धरलेले नाही. काँक्रीटच्या भिंती घातल्यावर हा आकडा बराच खाली येईल, म्हणून त्या मॉडेलमधून स्टिल्टच्या माथ्याचे विस्थापन काढून ५ ने गुणा आणि त्यात घराच्या भिंतीसाठी स्वतंत्र भर घाला. उत्तर ५० मि.मी. हून अधिक आले, तर त्या बाजूची कॉलमची रांग पाया खणण्यापूर्वीच आत सरकवून घ्या.