मिशिगन–ओहायो स्टेट सामन्याचे प्रक्षेपण : पूर्वी एवढी काटकसर कशासाठी?

सातरस्ता (सोलापूर) :
माझा भाचा मिशिगन विद्यापीठात शिकतो, त्यामुळे ओहायो स्टेटविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याची आमच्या घरीही दरवर्षी चर्चा होते. १८९७ पासून चालत आलेली ही चुरस आहे. तेथील जुनी मंडळी मात्र सांगतात की, १९८४ पूर्वी मिशिगनचे बरेचसे सामने दूरचित्रवाणीवर दिसतच नसत. ज्या मैदानात लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, तेथील सामने दाखवण्यास वाहिन्या तयार नव्हत्या, हे पटत नाही. नेमके आडवे कोण येत होते?

होटगीरोड :
वाहिन्या तयारच होत्या. आडवी येत होती ती विद्यापीठांचीच संघटना, म्हणजे एनसीएए. घरबसल्या फुकट सामना दिसू लागला तर तिकीट काढून मैदानावर कोण येणार, या धास्तीने तिने १९५१ पासून प्रक्षेपणाचे नियंत्रण स्वतःकडे घेतले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपले घरचे सामने दाखवण्याचा हट्ट धरला, तेव्हा संघटनेने त्याच्यावर कारवाई केली, काही प्रतिस्पर्ध्यांनी खेळण्यास नकार दिला आणि अखेर विद्यापीठाला माघार घ्यावी लागली.

पुढे १९८२ च्या योजनेत तर कोणत्याही संघाला दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा पडद्यावर येण्याची मुभा नव्हती. वूडी हेस आणि बो शेम्बेक्लर या प्रशिक्षकांच्या काळातील (१९६९ ते १९७८) मिशिगन–ओहायो स्टेट लढतींचा देशभर जो दबदबा निर्माण झाला, त्यात आधीपासूनच असलेल्या या टंचाईचाही वाटा असावा, असे मला वाटते.

पैशांची वाटणी त्याहून विचित्र होती. १९८१ मध्ये एकाच आठवड्यात ओक्लाहोमा–सदर्न कॅलिफोर्निया सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखवला गेला आणि सिटाडेल–अ‍ॅपलाचियन स्टेट सामना अवघ्या चार केंद्रांवरून. तरीही चारही संघांना सारखीच रक्कम मिळाली. मोठी विद्यापीठे बिथरली, यात नवल नाही.

नवीपेठकर :
ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी न्यायालयात धाव घेतली आणि २७ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ही योजना मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरवली. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कॉलेज फुटबॉलचे नावाजलेले खेळाडू होते, हे विशेष. त्यानंतर हक्क विकण्याचा अधिकार विद्यापीठांकडे आणि त्यांच्या गटांकडे आला. मिशिगन आणि ओहायो स्टेट ज्यात आहेत त्या बिग टेन गटाने तर २००७ मध्ये स्वतःची वाहिनीच सुरू केली. २००६ मध्ये मिशिगन आणि ओहायो स्टेट हे संघ पहिल्या दोन क्रमांकांवर असताना झालेला ४२–३९ असा सामना एबीसी वाहिनीवर २ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. तो तेथे दुपारी साडेतीनला, म्हणजे आपल्याकडे रात्री दोनला सुरू झाला होता. अलीकडे फॉक्स वाहिनी हा सामना भर दुपारी बाराला ठेवते, त्यामुळे आपल्याकडे रात्री साडेदहा वाजतात.

सातरस्ता :
दोघांचेही आभार. आपल्याकडील हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे प्रकरण याच जातीचे म्हणायचे का?

होटगीरोड :
पूर्णपणे नाही. १९९३ च्या त्या वादात बंगालच्या क्रिकेट संघटनेला हक्क परदेशी कंपनीला विकायचे होते आणि वाट अडवणारे सरकार व दूरदर्शन होते. १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही, असे स्पष्ट केले. अमेरिकेत मक्तेदारी ही हक्क विकणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेची होती, आपल्याकडे ती प्रक्षेपण करणाऱ्याची होती.