चहाची उभारी: भास की परिणाम?
चहाने मन प्रसन्न होते हा निव्वळ सवयीचा भास आहे, या मताशी मी पूर्णतः सहमत नाही. थकव्याबरोबर मेंदूत साचणारे ॲडेनोसिन हे रसायन ज्या ग्राहींना (पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या जागांना) चिकटून सुस्ती आणते, त्यांची जागा चहातले कॅफिन अडवते. त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात खरोखरच तरतरी येते. मात्र भुसावळ स्थानकावर पहाटेच्या गाडीतून उतरल्यावर पहिल्या घोटालाच, म्हणजे कॅफिनचा अंमल सुरू होण्यापूर्वीच, जे बरे वाटते, त्याचे श्रेय ऊब, आल्याचा वास आणि सोबत यांनाच द्यावे लागेल. (आमच्या जळगावात पारा ४५ अंशांकडे सरकला तरी दुपारचा चहा चुकत नाही, तो काही उबेसाठी नव्हे!) चहा न मिळाल्याने दुखणारे डोके चहानेच थांबते, तेव्हा मात्र ती उभारी नसून केवळ तलफ भागलेली असते.